ब्लँकमध्ये पुन्हा डेडझीन दिसतंय? सोया आयसोफ्लेव्होनच्या कामात दोष कुठे शोधायचा

ब्लँक करायचा म्हणून नमुन्याच्या जागी शुद्ध पाणी घेतलं. बाकी सगळं नेहमीसारखं: बफर, एन्झाइम, रात्रभर ३७ अंशांवर उबवण, सकाळी निष्कर्षण, मग एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानाने ओळखणाऱ्या यंत्रावर) इंजेक्शन. आणि पाण्याच्या त्या नळीतून डेडझीनचं, म्हणजे सोयातल्या एका आयसोफ्लेव्होनचं, पीक (आलेखावरचा उंचवटा) आलं, अगदी स्टँडर्डच्याच (तुलनेसाठीच्या शुद्ध द्रावणाच्याच) वेळेला. सोया आयसोफ्लेव्होनच्या चयापचयावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. एकदा मिटवलं म्हणजे मिटलं असंही होत नाही. एन्झाइमचा नवा लॉट (उत्पादनाची खेप) आला, नव्या माध्यमाची बाटली उघडली, तराजूवर नवा हात बसला, की ते परत येतं.

आम्ही जवळजवळ वर्षभर ते पीक वजा करत राहिलो. ब्लँकचा आकडा काढायचा, नमुन्यातून उणे करायचा आणि पुढे जायचं. मग एन्झाइमची जुनी बाटली संपली, नवी उघडली आणि ब्लँकमधलं डेडझीन एका दिवसात चौपट झालं. आधीच्या महिन्यात मोजलेले आणि नंतर पुन्हा मोजलेले तेच नमुने एकमेकांशी जुळेनात. त्या दिवसापासून मी ब्लँक वजा करणं थांबवलं आणि त्या पीकचा उगम शोधायला लागलो. उगम बहुतेक वेळा सापडतो, कारण ते पीक एकटं क्वचितच येतं. त्याच्यासोबत कोण आलंय ते पाहिलं, की ते कुठल्या बाटलीतून आलं हे कळायला लागतं.

थोडंसं डेडझीन असलं तर बिघडलं कुठे?

नेहमी विचारला जाणारा आणि रास्त प्रश्न. सोया खाल्लेल्या माणसाच्या लघवीत डेडझीन हजारो नॅनोमोलर असतं. तिथे ब्लँकमधल्या पाच-दहा नॅनोमोलरने काही होत नाही, तिथे खरंच सोडून द्या. पण प्लाझ्मात, सोया न खाणाऱ्या गटात किंवा आहाराआधीच्या शून्य दिवसाच्या नमुन्यात तेवढ्याने निष्कर्ष फिरतो.

इक्वॉलच्या बाबतीत तर जास्तच. डेडझीनपासून इक्वॉल बनतं ते आतड्यातल्या काही ठरावीक जीवाणूंमुळे, आणि ते जीवाणू सगळ्या माणसांत नसतात. कोण 'इक्वॉल उत्पादक' हे ठरवायला लघवीतल्या इक्वॉल आणि डेडझीन यांच्या गुणोत्तराचा दहाच्या पायावरचा लॉग काढतात आणि उणे १.७५ ही सीमा धरतात. साध्या भाषेत ते गुणोत्तर सुमारे ०.०१८ होतं. म्हणजे डेडझीन १,००० नॅनोमोलर असेल तर इक्वॉल १८ नॅनोमोलरच्या वर की खाली, यावर माणूस या गटात जाणार की त्या. सामानातून सहा-सात नॅनोमोलर इक्वॉल आलं तर सीमेजवळचा माणूस सीमा ओलांडतो, आणि पुढे त्याच्यावर बांधलेलं सगळं विश्लेषण चुकतं.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. एन्झाइम आपण नळीमागे ठरावीक घालतो, नमुना मात्र कधी ५०० मायक्रोलिटर लघवी, कधी १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा. नळीत आलेली घाण तेवढीच, पण मिलिलिटरमागे काढलेला आकडा प्लाझ्मात पाचपट. म्हणून ब्लँकमधलं पीक नळीमागे किती नॅनोग्रॅम, असंच नोंदवायचं.

आधी ते डेडझीनच आहे का ते पाहा

नुसत्या यूव्ही डिटेक्टरवर काम असेल तर पीकच्या वेळेवर विसंबू नका. डेडझीनचं शोषण २५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं, सोयातल्याच दुसऱ्या आयसोफ्लेव्होनचं, जेनिस्टीनचं, २६० च्या आसपास. इक्वॉलच्या मधल्या कड्यात दुहेरी बंध आणि कार्बोनिल गट उरलेला नसतो, त्यामुळे ते २८० च्या आसपास आणि तेही क्षीण शोषतं. २५४ वर मोठं दिसणारं 'इक्वॉल' हे बहुधा दुसरंच काहीतरी असतं.

मास स्पेक्ट्रोमीटर असला तरी एका वस्तुमानावर समाधान मानू नका. ऋण आयनीकरणात डेडझीन २५३ या वस्तुमानाला दिसतं, पण क्रायसिन या दुसऱ्या वनस्पतिजन्य संयुगाचं रेणुसूत्रही तेच आहे. जेनिस्टीन आणि एपिजेनिन दोन्ही २६९ ला. जेनिस्टीन फुटून १३३ चा तुकडा ठळक देतं, एपिजेनिन ११७ चा, म्हणून तुकडा बघितल्याशिवाय नाव द्यायचं नाही. डायहायड्रोडेडझीन (डेडझीनचं इक्वॉल होतानाचा मधला टप्पा) आणि ज्येष्ठमधातलं लिक्विरिटिजेनिन दोन्ही २५५ ला. पहिल्याचा १४९ चा तुकडा बघा, दुसऱ्याचे ११९ आणि १३५. सिंगल क्वाड्रुपोल (रेणूचे तुकडे न करता नुसतं वस्तुमान बघणारं यंत्र) वापरणाऱ्यांना इथे एक वेगळा खड्डा आहे: नैसर्गिक समस्थानिकांमुळे डेडझीनच्या शंभर रेणूंपैकी दोनेक रेणू दोन एककांनी जड असतात आणि तेही २५५ लाच उमटतात. डेडझीन भरपूर आणि कॉलमवर वेगळेपणा अपुरा असेल, तर डायहायड्रोडेडझीन नसतानाही असल्यासारखं वाटतं.

२५३ चं पीक नेहमीच्या वेळेच्या बरंच आधी आलं, तर ते मोकळं डेडझीन नसून आयनीकरणाच्या जागी ग्लुक्युरोनाइड (शरीराने ग्लुक्युरोनिक आम्ल जोडलेलं डेडझीन) तुटून आलेलं असण्याची शक्यता मोठी. ४२९ ला त्याच वेळी पीक आहे का बघा, उलगडा होईल.

प्रत्येक संयुगासाठी दोन तुकडे मोजायचे, त्यांचं परस्पर गुणोत्तर स्टँडर्डशी ताडायचं. जुळलं तर पुढे चला.

यंत्रातून येतंय की नळीतून?

हे अर्ध्या दिवसात कळतं आणि तरी बरेच जण शेवटी करतात. सर्वांत मोठा स्टँडर्ड इंजेक्ट करा आणि त्यामागे सलग पाच वेळा नुसता विलायक. पीक दर वेळी घसरत गेलं तर ते आधीच्या इंजेक्शनचं उरलेलं आहे, म्हणजे कॅरीओव्हर. ते सुईत, व्हॉल्व्हमध्ये किंवा कॉलमच्या तोंडाशी अडकतं. हे फेनॉल वर्गातले, पाण्यात जेमतेम विरघळणारे रेणू. सुई धुण्याच्या द्रवात पाणी जास्त असेल तर ते निघतच नाहीत. धुण्याचा द्रव मिथेनॉलप्रधान करा आणि धुण्याचा वेळ वाढवा.

पाचही वेळा पीक जवळपास तेवढंच राहिलं तर विलायकाची किंवा वायलची शंका घ्या: इंजेक्शनचं आकारमान दुप्पट करा, पीक दुप्पट झालं तर ते त्या वायलमध्ये आहे. आणि काहीही इंजेक्ट न करता नुसता ग्रेडियंट (विलायकाचं प्रमाण वाढवत नेण्याचा क्रम) चालवल्यावरही पीक आलं, तर मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, बघा. अशा वेळी कॉलम समतोलात यायला दिलेला वेळ दहा मिनिटांवरून तीस करा. पीक वाढलं तर जलीय मोबाइल फेजमधली घाण कॉलमवर साठत होती आणि ग्रेडियंट चढल्यावर बाहेर पडत होती, हे नक्की झालं.

दोन प्रकारचे ब्लँक, दोन वेगळी उत्तरं

यंत्र निर्दोष निघालं की नळीकडे या. एका नळीत काहीच स्टँडर्ड घालायचा नाही, इंटर्नल स्टँडर्डसुद्धा (प्रत्येक नळीत ठरावीक घातलं जाणारं, लेबल लावलेलं डेडझीन) नाही. दुसरीत फक्त इंटर्नल स्टँडर्ड. बाकी दोन्हींवर संपूर्ण प्रक्रिया सारखीच. डेडझीन फक्त दुसरीत आलं तर उगम इंटर्नल स्टँडर्डच्या कुपीत आहे. ड्युटेरियम लावलेल्या डेडझीनमध्ये थोडं साधं डेडझीन उरलेलं असतं. ते अर्धा टक्का धरलं आणि आपण नळीमागे १०० नॅनोग्रॅम इंटर्नल स्टँडर्ड घालत असू, तर आपल्याच हाताने अर्धा नॅनोग्रॅम डेडझीन प्रत्येक नळीत पडतं. इंटर्नल स्टँडर्ड कमी घालणं हा साधा उपाय आहे, पद्धतीला चालत असेल तर.

ड्युटेरियमबद्दल अजून एक सांगायलाच हवं. बेंझीन कड्यावर हायड्रॉक्सिल गटाच्या शेजारच्या जागी बसवलेलं ड्युटेरियम गरम आम्लात टिकत नाही, हायड्रोजनशी अदलाबदल करतं. जेनिस्टीनच्या सहाव्या आणि आठव्या जागा तर यासाठी फारच हळव्या. हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून जलविघटन करणाऱ्यांचा इंटर्नल स्टँडर्ड म्हणूनच हळूहळू 'हलका' होत जातो आणि शेजारच्या वस्तुमानांवर पीक उगवतात. परवडत असेल तर कार्बन-१३ च्या तीन अणूंचं लेबल असलेलं डेडझीन किंवा जेनिस्टीन घ्या. कार्बन कड्यातून कुठे जात नाही.

दोन्ही नळ्यांत डेडझीन आलं तर पुढचा विभाग.

गोगलगायीचं एन्झाइम

माझ्या अनुभवात ब्लँकमधल्या डेडझीनचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी संशय घेतलं जाणारं ठिकाण हेच. शरीरात गेलेलं डेडझीन आणि जेनिस्टीन लघवीत आणि रक्तात बहुतेक ग्लुक्युरोनाइडच्या आणि काही सल्फेटच्या रूपात फिरतं. ते मोकळं करायला हेलिक्स पोमेशिया या गोगलगायीच्या पाचकरसातून काढलेली पूड किंवा द्रव वापरतात, कारण त्यात बीटा-ग्लुक्युरोनिडेज आणि सल्फेटेज, म्हणजे ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट तोडणारी एन्झाइमं, दोन्ही एकत्र मिळतात. ही गोगलगाय पानं-पाला खाऊन जगते. तिच्या पाचकरसात तिने खाल्लेल्या वनस्पतींचे फेनॉल उतरतात आणि एन्झाइमच्या बाटलीत आपल्यापर्यंत येतात. बाटलीवर एन्झाइमची क्रियाशीलता छापलेली असते, त्यातल्या डेडझीनबद्दल काहीच लिहिलेलं नसतं.

खात्री करायची रीत सोपी. पाण्याच्या चार नळ्या घ्या: पहिलीत एन्झाइम नाही, दुसरीत नेहमीच्या निम्मं, तिसरीत नेहमीएवढं, चौथीत दुप्पट. डेडझीन एन्झाइमच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढलं, की शोध संपला. मात्र या नळ्या उबवल्याशिवाय मोजू नका. एन्झाइमच्या बाटलीतलं डेडझीन अनेकदा स्वतःच शर्करेला जोडलेल्या रूपात असतं आणि त्या रसात बीटा-ग्लुकोसिडेजही असतं. उबवण झाल्यावर ते ग्लुकोसाइड तुटतं आणि मोकळं डेडझीन वर येतं. शून्य तासाला स्वच्छ दिसलेली बाटली सकाळी घाण निघते ती यामुळे. आमच्या त्या चौपट झालेल्या लॉटमध्ये हेच घडलं होतं. पुरवठादाराला विचारलं तर क्रियाशीलता प्रमाणपत्रानुसार आहे, एवढंच उत्तर आलं, आणि ते खरंही होतं.

उपाय तीन, तिन्हींची किंमत मोजावी लागते.

पहिला, लॉट निवडणं. दोन-तीन लॉटचे छोटे नमुने मागवा, वरची चार नळ्यांची चाचणी करा आणि जो स्वच्छ निघेल तो संपूर्ण अभ्यासाला पुरेल इतका एकदम घ्या. मी याच उपायाच्या बाजूचा आहे. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

दुसरा, एन्झाइम धुणं. डिसॉल्टिंगच्या जेल कॉलममधून एन्झाइम काढलं की प्रथिनं पुढे निघतात आणि छोटे रेणू मागे राहतात. आयसोफ्लेव्होनसारखे सुगंधी कड्यांचे रेणू डेक्स्ट्रान जेलला थोडे चिकटतातही, त्यामुळे ते आणखी मागे पडतात. तो गुण पहिल्या वेळी उपयोगी आणि दुसऱ्या वेळी घातक: तोच कॉलम पुन्हा वापरला तर चिकटलेलं हळूहळू सुटून पुढच्या एन्झाइममध्ये येतं. एक कॉलम एकदाच. कोळशाने धुणारेही आहेत, पण कोळसा प्रथिनंही धरून ठेवतो. काहीही केलं तरी धुतल्यावर क्रियाशीलता पुन्हा मोजायची.

तिसरा, एन्झाइमच बदलणं. ई. कोलायमधून मिळणारं बीटा-ग्लुक्युरोनिडेज वनस्पतींच्या बाबतीत बरंच निर्मळ असतं, पण त्यात सल्फेटेज नसतं, आणि त्याला पीएच ७ च्या जवळपासचा बफर लागतो. गोगलगायीच्या एन्झाइमला ५ च्या आसपासचा. नुसतं ई. कोलायचं वापरलं तर सल्फेट तसेच राहतात आणि एकूण डेडझीन कमी मोजलं जातं. ब्लँक सुंदर दिसतो आणि नमुना खोटा पडतो. वेगळं सल्फेटेज जोडा, आणि त्याचाही ब्लँक करा.

सोबत कोण आलंय?

एन्झाइम नाही, यंत्र नाही, इंटर्नल स्टँडर्ड नाही, तरी पीक आहे. इथे मी नेहमी डेडझीनच्या शेजाऱ्यांकडे बघतो.

डेडझीन, जेनिस्टीन आणि थोडं ग्लिसिटीन असं तिघांचं कुटुंब आलं असेल आणि जेनिस्टीन डेडझीनच्या बरोबरीने किंवा जास्त असेल, तर तो सोयाबीनचा ठसा आहे. कुठल्यातरी सामानात सोया आहे. फॉर्मोनोनेटिन आणि बायोकॅनिन ए सोबत असतील तर ती क्लोव्हरसारख्या चाऱ्याची खूण. आणि नुसतं डेडझीन, एकदम एकटं, बाकी कोणी नाही, असं असेल तर ते शुद्ध स्टँडर्डच्या बाटलीतून उडालेलं आहे. वनस्पतीतून आलेलं डेडझीन इतकं एकटं नसतं.

इक्वॉलसाठी याहूनही चांगली खूण आहे. इक्वॉलच्या रेणूत एक असममित कार्बन आहे, म्हणून त्याची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात, आर आणि एस. आतड्यातले जीवाणू फक्त एस रूप बनवतात. बाजारात मिळणारं संश्लेषित इक्वॉल बरेचदा आर आणि एस यांचं समसमान मिश्रण असतं. ब्लँकमधलं इक्वॉल एकदा कायरल कॉलमवर (ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या) चालवून बघा. दोन समान पीक आले तर ते तुमच्याच स्टँडर्डमधून आलंय: पिपेट, सुई, हातमोजा, काहीही. एकच पीक आलं, तेही एसचं, तर ते कुठल्यातरी प्राण्याच्या किंवा जीवाणूच्या पोटातून आलंय आणि सीरम, दूध, खाद्य अशा गोष्टी तपासायला घ्या. तुमच्या बाटलीवर 'एस' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही.

माध्यम, सीरम, दूध

मलाचा नमुना डेडझीनसोबत ऑक्सिजनविरहित वातावरणात उबवून इक्वॉल तयार होतं का बघणं हा या विषयातला रोजचा प्रयोग. त्यात डेडझीन न घातलेल्या नळीतही डेडझीन आणि इक्वॉल दिसलं की लोक दात्याच्या आहाराला दोष देतात. आधी माध्यमाच्या डब्यावरचे घटक वाचा. ट्रिप्टिक सोय ब्रॉथच्या नावातच सोया आहे, त्यात लिटरमागे ३ ग्रॅम सोयापिठाचं पाचित असतं. ऑक्सिजनविरहित जीवाणूंसाठी लोकप्रिय असलेल्या गाम ब्रॉथमध्येही सोया पेप्टोन आहे, आणि शेडलर ब्रॉथमध्ये ट्रिप्टिकेस सोय ब्रॉथ हाच एक घटक आहे. 'सोयटोन', 'फायटोन', 'वनस्पतिजन्य पेप्टोन' अशा नावांनीही सोया येतं. पेप्टोनच्या ग्रॅममागे समजा फक्त ०.१ मिलिग्रॅम डेडझीन असलं, तर ३ ग्रॅमचे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १.२ मायक्रोमोलर. शंभर मायक्रोमोलर डेडझीन घालून केलेल्या प्रयोगात हे बुडून जातं. पण डेडझीन न घातलेल्या नियंत्रण नळीत तेवढंच उठून दिसतं आणि चांगल्या उत्पादक दात्याचे जीवाणू त्याचं इक्वॉलही करून ठेवतात. ब्रेन हार्ट इन्फ्युजनसारखं प्राणिजन्य माध्यम घ्या, तेही डब्यावरचं पेप्टोन कशाचं आहे ते वाचूनच.

मलाचे किंवा जीवाणूंचे साठे गोठवताना साय काढलेलं दूध संरक्षक म्हणून घालायची पद्धत आहे. गायीच्या दुधात इक्वॉल असतं. यामागे जुनी गोष्ट आहे: १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सबटेरेनियन क्लोव्हर चरणाऱ्या मेंढ्यांमध्ये वंध्यत्वाची साथ आली, तिला 'क्लोव्हर डिसीज' नाव पडलं. क्लोव्हरमधल्या फॉर्मोनोनेटिनचं मेंढीच्या पहिल्या पोटात डेडझीन आणि मग इक्वॉल होतं, हे पुढे कळलं. इक्वॉल हे नावही घोड्याचंच आहे: १९३२ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते गाभण घोडीच्या मूत्रातून. चारा खाणाऱ्या जनावराच्या शरीरातून आलेलं कुठलंही सामान इक्वॉलच्या बाबतीत स्वच्छ धरायचं नाही, हा धडा तिथूनच घ्यायचा. दुधाऐवजी ग्लिसरॉल वापरा.

पेशींवर काम करणाऱ्यांचं गायीच्या गर्भाचं सीरमही याच रांगेतलं. कोळशाने स्वच्छ केलेलं सीरम घेतलं तरी एकदा ते एन्झाइमसह आणि एन्झाइमशिवाय मोजून पाहा. मोकळे रेणू कोळशावर जातात, जोडलेले पाण्यात जास्त विरघळणारे असल्याने मागे राहू शकतात.

उंदीर आणि खाद्य

थोडक्यात सांगतो, कारण उत्तर सरळ आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या नेहमीच्या खाद्यात प्रथिनांसाठी बहुधा सोयापेंड असते आणि उंदीर-घुशी इक्वॉल सढळपणे बनवतात. 'शून्य मात्रा' गटाच्या प्लाझ्मात इक्वॉल दिसणं ही तिथे घाण नव्हे, ते त्यांचं जेवण आहे. केसीनवर आधारलेलं शुद्ध खाद्य द्या. एआयएन-९३जी या प्रमाणित शुद्ध खाद्यामध्ये तेल सोयाबीनचं असतं. आयसोफ्लेव्होन तेलात फारसे उतरत नाहीत, तरी शंकाच नको म्हणून बरेच जण ते बदलून मक्याचं तेल घालतात. हे प्राणी स्वतःची विष्ठा खातात, म्हणून खाद्य बदलल्याच्या दिवशी पिंजऱ्यातला भुसाही बदला आणि पुढचे काही दिवस वारंवार बदलत राहा.

तराजू

एकटं डेडझीन, शेजारी कोणी नाही, आणि तेही कधी आहे कधी नाही. एका बॅचच्या सहा ब्लँकपैकी पाच स्वच्छ, सहाव्यात उंच पीक. आमच्याकडे हे आठवडाभर चाललं. शेवटी तराजूचं काचेचं दार उघडून बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकला तेव्हा पारड्याच्या कडेला, ब्रशच्या केसांत फिकट पूड चमकली. तोच ब्रश पुढे रिकाम्या नळ्यांच्या रॅकवरून फिरत होता.

हिशेब मांडला तर आश्चर्य वाटत नाही. एक मायक्रोग्रॅम पूड डोळ्यांना जेमतेम दिसते. ती एक मिलिलिटरमध्ये पडली तर १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर झाली, आणि आपण मोजायला बसलोय एक नॅनोग्रॅम. डेडझीनची कोरडी पूड स्थिर विजेने हातमोज्याला आणि प्लास्टिकच्या चमच्याला चिकटते.

म्हणून शुद्ध पूड जिथे तोलली जाते तिथे नमुने येऊ देऊ नका, खोली वेगळी असेल तर उत्तम. स्टँडर्डची पिपेट वेगळी, तिच्यावर रंगीत पट्टी. पूड वारंवार तोलण्याऐवजी एकदाच तोलून डीएमएसओ किंवा मिथेनॉलमध्ये दाट द्रावण करा, छोट्या कुप्यांत वाटून गोठवा आणि कुपी एकदाच वापरा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतं. तीच कुपी दहा वेळा उघडली की डेडझीन तळाशी बसायला लागतं आणि मग स्टँडर्डचीच संहती बदलते. डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे बाहेर काढल्यावर पूर्ण वितळू द्या, चांगलं हलवा, मग प्रकाशासमोर धरून बघा.

ब्लँक अचानक स्वच्छ झाला तर

महिनोन्‌महिने दिसणारं पीक एका सकाळी नाहीसं झालं की आनंद होतो. थांबा. एन्झाइमच चाललं नसेल तर त्याच्या बाटलीतलं जोडलेलं डेडझीनही सुटत नाही आणि ब्लँक आपोआप सुंदर दिसतो. त्याच कारणाने नमुन्यांतलं डेडझीनही कमी आलेलं असतं.

यासाठी प्रत्येक बॅचमध्ये दोन जास्तीच्या नळ्या ठेवा. एकीत ४-मिथिलअम्बेलिफेरिल ग्लुक्युरोनाइड, दुसरीत त्याचंच सल्फेट. उबवण झाल्यावर थोडा अल्कधर्मी बफर टाकून यूव्ही दिव्याखाली धरा. सुटलेलं ४-मिथिलअम्बेलिफेरॉन निळं चमकतं. एकदा आमची ग्लुक्युरोनाइडची नळी लख्ख निळी आणि सल्फेटची जवळजवळ काळी होती. शोधलं तर त्या दिवशी ॲसिटेट बफर संपला होता म्हणून पीएच जुळवून फॉस्फेट बफर वापरला गेला होता. पीएच बरोबर होता, पण फॉस्फेट सल्फेटेजला रोखतं, सल्फेट आयनही तेच करतो. नमुन्यांतलं सल्फेटरूप डेडझीन त्या बॅचमध्ये सुटलंच नव्हतं. सगळी बॅच पुन्हा करावी लागली.

दिव्याखाली नुसतं बघणं पुरेसं नाही, स्टँडर्डच्या तुलनेत किती टक्के सुटलं ते मोजून लिहा. पण दिवसाच्या सुरुवातीला, बाकी शंभर नळ्यांचं निष्कर्षण करायच्या आधी, त्या दोन नळ्यांकडे एक नजर टाकायला अर्धं मिनिट लागतं.

वजाबाकीबद्दल शेवटचं

उगम सापडूनही थोडं पीक उरतंच. तेव्हा एका बॅचमध्ये निदान सहा ब्लँक पूर्ण प्रक्रियेतून न्या, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, आणि सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवून जो आकडा येईल त्याच्या खालचं काहीही 'आढळलं' म्हणून लिहू नका. सहाही ब्लँक एकमेकांच्या जवळ असतील तर वजाबाकीला आधार आहे. पाच स्वच्छ आणि एक उंच असेल तर वजाबाकी करण्यासारखं तिथे काही नाहीच, तराजूकडे परत जा.

लॉट क्रमांकांची वही आमच्याकडे आता यंत्राशेजारीच असते. एन्झाइम, माध्यम, सीरम, इंटर्नल स्टँडर्ड, विलायक. बाटली उघडल्याची तारीख आणि त्या दिवशीच्या ब्लँकमधलं डेडझीन, जेनिस्टीन, इक्वॉल, नळीमागे नॅनोग्रॅममध्ये. पुढच्या वेळी पीक आलं की पहिली पाच मिनिटं त्या वहीत जातात.